पिल्लाचा दात, सुकलेली जखम आणि राहून गेलेलं सिरम

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा, वजन १९ किलो. सोमवारी दुपारी गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना त्याच्या पोटरीला दात लागला. थोडंसं रक्त आलं. सासूबाईंनी लगेच हळद आणि चुना भरला. संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथे दोन्ही दंडांवर एकेक इंजेक्शन दिलं आणि "सिरमसाठी सिव्हिलला जा" म्हणाले. आम्ही गेलो नाही. जखम सुकली आहे, पिल्लू चारेक महिन्यांचं आहे, घरोघरी भाकरी खातं आणि धडधाकट आहे. आज गुरुवारी दुसऱ्या वेळची इंजेक्शनं झाली. पुढच्या सोमवारी नेमकी शाळेची सहल आहे. पुढची इंजेक्शनं सोडली तर चालेल का? सिरम खरंच लागतं का? त्याच पिल्लानं मिस्टरांच्या हातालाही ओरखडा काढलाय, पण त्यांचा दोन वर्षांपूर्वी कोर्स झाला आहे. शिवाय शेजारच्यांच्या गाईला ते चावलं म्हणतात. आम्ही दूध त्यांच्याकडूनच घेतो. बंद करू का?

उत्तर

ताई, नमस्कार.

काय करायचं ते आधी सांगतो, कारणं मागून. मुलाला आजच सिव्हिलला घेऊन जा आणि रेबीज रोखणारं सिरम देऊन घ्या. लसीचा पहिला डोस पडतो तो दिवस शून्य धरतात. तुमचा सोमवार शून्य, गुरुवार तिसरा आणि येणारा सोमवार सातवा. सिरम पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच देतात, पुढे देत नाहीत. आज शुक्रवार आहे. ओपीडीची वेळ टळली किंवा मध्ये रविवार आला तर अपघात विभागात जा, सोमवारची वाट पाहू नका. जाताना आरोग्य केंद्रातला केस पेपर आणि लसीचं कार्ड बरोबर ठेवा. हे एवढं तुम्हाला पत्र मिळताच मेलवर कळवलं आहे. इथे सविस्तर लिहितोय ते तुमच्यासाठी आणि अशाच पेचात असलेल्या इतर घरांसाठी.

"जखम सुकली" हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य. रेबीजमध्ये जखम भरण्याचा आणि धोका टळण्याचा काही संबंध नाही. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतला विषाणू जखमेत पडतो, काही काळ तिथल्या स्नायूंत राहतो, वाढतो. मग तो रक्तातून पसरत नाही. जवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतूनच मणक्याकडे, तिथून मेंदूकडे सरकत जातो. वाटचाल संथ असते. बहुतेक माणसांत दोन-तीन महिने जातात, क्वचित आठवडाभरातच लक्षणं दिसतात, क्वचित वर्षही लागतं. चेहरा, मान, हाताची बोटं अशा ठिकाणी तंतूंचं जाळं दाट असतं आणि चेहरा-मान तर मेंदूच्या अगदी जवळ, म्हणून तिथल्या जखमांत वेळ कमी मिळतो. पोटरीला त्या मानानं जास्त मिळतो, पण किती ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

या सुप्त काळात माणूस ठणठणीत असतो. ताप नाही, दुखणं नाही. "रक्त तपासून घेऊ, काही निघालं तर इंजेक्शन घेऊ" असं अनेक जण म्हणतात. पण या काळात शरीरात विषाणू आहे की नाही हे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. आधी साधा ताप येतो, डोकं दुखतं, आणि केव्हाच भरून आलेल्या त्या जखमेच्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते, ठणका लागतो. मग बेचैनी, पाणी प्यायला गेलं की घशाचे स्नायू आखडणं, पंख्याचा वाराही सहन न होणं. पाचातल्या साधारण एका रुग्णात यातलं काहीच दिसत नाही. चावलेल्या अवयवापासून लुळेपणा सुरू होतो आणि वर चढत जातो. अशा वेळी घरच्यांना कुत्रं चावल्याची आठवणही राहिलेली नसते. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर उपचार नाही. काही दिवसांत माणूस जातो.

म्हणून जे काही करायचं ते याच शांत काळात करायचं. गोवर, पोलिओ यांची लस रोगाशी गाठ पडण्याआधी घ्यावी लागते. रेबीजचा विषाणू इतका सावकाश चालतो की चावल्यानंतर घेतलेली लसही त्याच्या पुढे निघून जाऊ शकते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हा कुत्रं चावून अडीच दिवस झाले होते. तो मुलगा वाचला. आजचा सगळा उपचार याच मोकळ्या वेळावर उभा आहे, आणि तुमच्या मुलाच्या हातात तो वेळ अजून आहे.

सिरम कशासाठी

लस दिली की शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक, बनवतं, पण पुरेशी बनायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर जखमेतला विषाणू मोकळाच. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती थेट जखमेत सोडली की तिथला विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधीच निकामी होतो. तंतूच्या आत गेल्यावर मात्र त्याला गाठणं कठीण. सातव्या दिवसानंतर सिरम का देत नाहीत, तेही यातच आलं: तोवर लसीची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागलेली असतात आणि बाहेरून दिलेली त्यांच्या आड येतात.

कुणाला लागतं? कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, धड कातडीवर त्यानं चाटलं, एवढ्यानं काहीच लागत नाही. साबणानं धुतलं की झालं. रक्त न येणारा ओरखडा किंवा उघड्या कातडीवर दात घासला असेल तर लस लागते. रक्त आलं, दात कातडीच्या आत गेला, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली, तर लस आणि सिरम दोन्ही. रक्त थोडं आलं की फार, याला महत्त्व नाही. तुमच्या मुलाला रक्त आलं, म्हणजे सिरम लागतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं होतं.

मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासून बनवलेलं सिरम किलोला ४० युनिट, म्हणजे १९ किलोला ७६० युनिट. मिलिलीटरला ३०० युनिटची बाटली असेल तर साधारण अडीच मिली. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं किलोला २० युनिट, म्हणजे ३८० युनिट. हल्ली काही ठिकाणी प्रयोगशाळेत बनवलेलं मोनोक्लोनल प्रतिपिंडाचं इंजेक्शनही मिळतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं 'रॅबिशील्ड' हे त्यातलंच, त्याची मात्रा किलोला ३.३३ युनिट. तिन्हींपैकी जे उपलब्ध असेल ते घ्या, महागड्याच्या शोधात दिवस घालवू नका.

सिरम कुठे टोचतात हे नीट पाहा. ते जखमेत आणि जखमेच्या कडेनं, जितकं मावेल तितकं भरायचं असतं. फक्त दंडात किंवा कुल्ल्यावर दिलं तर जखमेतला विषाणू तिथेच राहतो. मुलाला दुखेल, तो रडेल. सुकलेल्या खपलीभोवती सुई घालताना तुमचाही जीव कासावीस होईल. तरी तिथेच द्या म्हणून विनंती करा. जखमा अनेक असतील तर सिरम सलाइनमध्ये वाढवून सगळ्या जखमांना पुरवतात. दिल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवा. घोड्याच्या सिरमची क्वचित ॲलर्जी येते आणि तिचा इलाज दवाखान्यातच होऊ शकतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही त्याच वेळी विचारून घ्या.

पुढचे डोस आणि सहल

सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. तुमच्या मुलाला हीच चालू आहे. खासगीत बहुधा स्नायूत देतात, एका वेळी एक बाटली, दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. दोन्ही पद्धती सारख्याच भरवशाच्या. कातडीतलं इंजेक्शन नीट बसलं की तिथे मसुरीएवढा फुगवटा उठतो. तो उठला नाही तर सुई खोल गेली असं समजायचं, आणि डॉक्टर जरा बाजूला पुन्हा देतात. कुल्ल्यावर ही लस कधीच घ्यायची नाही. तिथे चरबी जास्त, लस नीट लागू पडत नाही. अगदी लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात.

सोमवारचा डोस सोडू नका. सहल सकाळी लवकर निघणार असेल तर आरोग्य केंद्रात आदल्या दिवशीच बोलून ठेवा, किंवा परतल्यावर त्याच दिवशी अपघात विभागात घ्या. कार्ड जवळ असेल तर दुसऱ्या गावच्या केंद्रातही तोच कोर्स पुढे चालतो. इतकं करूनही एखादा दिवस हुकलाच, तर मिळेल त्या पहिल्या दिवशी घ्या आणि पुढचं वेळापत्रक सुरू ठेवा. कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही. "एक चुकलं, आता सगळंच वाया" असं समजून बरेच जण मध्येच थांबतात, आणि तेच खरं जीवावर बेततं.

काही ठिकाणी "बाटली उघडायला अजून पेशंट हवेत, उद्या या" असं ऐकू येतं. उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवून काही तासांतच संपवावी लागते आणि एक मिलीच्या बाटलीत पाच जणांचे डोस निघतात, म्हणून ही काटकसर. कारण समजण्यासारखं आहे, पण तुमच्या मुलाची तारीख त्यापायी ढकलू नका. नम्रपणे, तरी ठाम राहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि आपल्याकडे २००४-०५च्या सुमाराला ती बंद झाली. सध्याच्या लसीनं दंड थोडा लाल होतो, दुखतो, कधी कणकण येते. पथ्य काहीच नाही: वांगं, मटण, आंबट, सगळं चालतं, अंघोळही चालते. मुलाला स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा क्लोरोक्वीन हे मलेरियाचं औषध चालू असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. त्यांनी लसीचा परिणाम कमी होऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ही लस चालते, हे जाता जाता सांगून ठेवतो, कारण या भीतीपोटी लस टाळलेली घरं आहेत.

हळद आणि चुना

सासूबाईंना दोष देऊ नका. नातवाचं रक्त पाहून जे हाताशी होतं ते त्यांनी लावलं. पण यापुढे घरात एवढं पक्कं करा: कुत्रं, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, काहीही चावलं की जखमेला पहिला स्पर्श पाण्याचा आणि साबणाचा. चुन्यानं मांस भाजतं, तिखटानं आग होते, आणि चोळताना विषाणू आणखी आत जातो. तेल, रॉकेल, अंगारा, झाडपाला यांनी वेळ जातो आणि घाण आत राहते.

धुणं म्हणजे ओंजळभर पाणी मारणं नव्हे. मुलाला मोरीत बसवा, पाय नळाखाली धरा, नळ नसेल तर एकानं तांब्यानं सतत पाणी ओतायचं. अंगाचा किंवा कपड्याचा, कुठलाही साबण चालतो. फेस जखमेच्या आत जाऊ द्यायचा, पुन्हा धुवायचा, पुन्हा फेस, असं घड्याळ लावून पंधरा मिनिटं. या विषाणूच्या अंगावर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो, म्हणून हा साधा उपाय इतका मोलाचा. धुणाऱ्यानं हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा आणि जखम उघडी ठेवा. पट्टी आवळू नका. टाके शक्यतो घालत नाहीत. चेहऱ्यावर घालावेच लागले तर आधी सिरम भरून, काही तासांनी, सैल घालतात. धुवायचं राहून गेलं असेल तर उशिरा धुतलेलंही चालतं. तुम्ही निघण्याआधी मुलाची पोटरी आजही साबणानं धुवा, फक्त खपली ओरबाडू नका.

ते पिल्लू

पिल्लू लहान आहे, ओळखीचं आहे, म्हणून सुरक्षित आहे असं नाही. त्याच्या आईला लस नव्हती, त्यालाही नाही, आणि त्याला कुणी कधी चावलं हे कुणी पाहिलेलं नाही. मुलं पिल्लांना कुशीत घेतात, तोंडाजवळ नेतात. रेबीजचे ९९ टक्क्यांपर्यंत मानवी रुग्ण कुत्र्यांमुळेच होतात, आणि संशयित जनावरानं चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात.

आज ते धडधाकट दिसतं ही गोष्ट चांगली आहे, पण लाळेत विषाणू यायला लागतो तो कुत्रा आजारी दिसण्याच्या काही दिवस आधीपासून. म्हणून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. त्याला मारू नका, हाकलू नका. डोळ्यासमोर राहिलं तरच काही कळेल. फक्त भुंकत-चावत सुटणारंच पिसाळलेलं असतं असं समजू नका. कधी ते कोपऱ्यात, अंधारात पडून राहतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, खाता येत नाही. घशात हाड अडकलंय असं वाटून माणसं तोंडात बोटं घालतात. असं दिसलं तर लांब राहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलं तर उघड्या हातानं उचलू नका. पशुवैद्यकाला सांगितलं तर मेंदूचा नमुना तपासता येतो. आणि दहा दिवस पिल्लू खेळतं-खातं राहिलं, तरी कातडीतल्या लसीचा कोर्स पूर्णच करायचा असतो. तो वाया जात नाही, पुढे उपयोगी पडतो. कसा, ते तुमच्या मिस्टरांच्या उदाहरणात दिसेल.

मिस्टर, गाय आणि दूध

मिस्टरांचा कोर्स पूर्ण झाला होता, याचा कागद असेल तर त्यांना सिरम लागत नाही. ओरखडा धुऊन लसीचे दोनच डोस, आज आणि तीन दिवसांनी, म्हणजे सोमवारी. शरीराला जुनी ओळख असते, ते झटपट प्रतिपिंडं बनवतं. कोर्स अर्धवट सोडला होता किंवा नक्की आठवत नाही, असं असेल तर नवीन रुग्ण समजून सगळं करायचं. "मागे झालंय, आता काही नको" हे मात्र चुकीचं. ते तुमच्याबरोबर सिव्हिलला येणारच असतील तर त्यांचाही केस पेपर काढा.

दूध उकळून पिता ना? मग बंद करायचं कारण नाही. उकळल्यावर विषाणू टिकत नाही, चहा-दही-तूप सगळं चालेल. कच्चं दूध कुणालाच देऊ नका. खरी काळजी गाईची आणि तिच्या धन्याची. तिची जखमही साबणपाण्यानं धुवायची आणि पशुवैद्यकाकडून चावल्यानंतरची लस सुरू करायची. जनावरांनाही ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांनी ती देतात. पुढच्या काही महिन्यांत गाय विनाकारण हंबरायला लागली, लाळ गाळायला लागली, चारा-पाणी गिळेनाशी झाली, तर घशात काही अडकलं म्हणून तोंडात हात घालायचा नाही. शेतकऱ्यांचा रेबीजच्या विषाणूशी संबंध असाही येतो. शेजाऱ्यांना हे आजच सांगा.

उंदीर, घूस, खार चावल्यावर सहसा रेबीजची लस लागत नाही. मांजराचा ओरखडा मात्र कुत्र्याइतकाच गंभीर धरायचा.

गल्लीसाठी

एका घरानं इंजेक्शनं घेऊन पुढच्या मुलाचा धोका जात नाही. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की त्यांच्यात रेबीज पसरायचा थांबतो. शेजारच्या गोव्यात वर्षाला सुमारे ९५,००० कुत्र्यांना लस टोचत गेले, तेव्हा कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला आणि माणसांमधले मृत्यू थांबले. ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला शिबिराची मागणी लेखी द्या. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी आणि दरवर्षी एक. तुमच्या गल्लीतल्या पिल्लाचं वय झालंच आहे. दहा दिवस नीट निघाले की अकराव्या दिवशी त्याला लस द्या.

मुलांना खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जाऊ देऊ नका. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन स्तब्ध उभं राहायचं. पडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन कान आणि मान हातांनी झाकायची. आणि चावल्याचं, ओरखडल्याचं घरी येऊन सांगितलं म्हणून मुलाला कधीही रागावू नका. रागाच्या भीतीनं मुलं शाळेच्या मोज्याखाली जखम लपवतात. तुमच्या मुलानं लगेच सांगितलं, याबद्दल सिव्हिलला जाताना त्याला शाबासकी द्या.